वाकला म्हणून टिकला

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडले की मांजरी लागते. एकेकाळचे हे शेतीचे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आले आहे. साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये उभी केलेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था इथे आहे. सीरम इन्स्टिट्यूटचा लसनिर्मितीचा पसाराही हडपसरपासून मांजरीपर्यंत पोहोचला आहे. साखर आणि लस यांचे तसे काही नाते नाही. तरीही या दोन्ही व्यवसायांना एक काम सारखेच करावे लागते. एकत्र मिसळलेल्या दोन गोष्टी वेगाने गरगर फिरवून वेगळ्या करायच्या. साखर कारखान्यात मळी आणि दाणे यांचे घट्ट मिश्रण जाळीच्या मोठ्या टोपलीत घालून मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. लस तयार करताना पेशींचा गाळ किंवा विषाणू द्रवापासून वेगळे करण्यासाठी सेंट्रिफ्यूज वापरतात. रक्ताची तपासणी करणाऱ्या गल्लीतल्या लहानशा प्रयोगशाळेतही टेबलावर असे एक यंत्र घरघरत असतेच.

वेगाने फिरणाऱ्या प्रत्येक यंत्राचा एक शत्रू असतो. तो म्हणजे थरथर. मधला दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरता फिरता आडव्या दिशेने झोके घेऊ लागतो. झोके वाढले तर बेअरिंग जातात, शाफ्ट मोडतो आणि फिरता भाग फुटून तोफगोळ्यासारखा बाहेर पडतो. म्हणून आज मोठा टर्बाइन, कॉम्प्रेसर किंवा सेंट्रिफ्यूज कारखान्यात घडवण्याआधी तो संगणकात फिरवून पाहतात. कोणत्या वेगाला शाफ्ट किती वाकेल, कोणता वेग टाळायचा, हे सांगणारी खास सॉफ्टवेअर त्यासाठी आहेत. या साऱ्या गणिताच्या मुळाशी एक साधे चित्र असते. दोन बेअरिंगवर टेकलेला बारीक, लवचीक शाफ्ट आणि त्याच्या मधोमध एक जड चकती. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत या चित्राला ‘लाव्हाल रोटर’ म्हणतात. ज्यांचे नाव त्याला मिळाले, ते गुस्ताफ द लाव्हाल आयुष्यभर दूध आणि वाफ यांच्याशी झुंजले. शाफ्टचा प्रश्न त्यांच्या वाट्याला त्याच वाटेवर आला.

लाव्हाल यांचा जन्म ९ मे १८४५ रोजी स्वीडनमधील डालार्ना प्रांतातल्या ऑर्सा या गावी झाला. घराणे मूळचे फ्रान्सचे; पूर्वज सतराव्या शतकात स्वीडनला येऊन स्थायिक झालेले. गुस्ताफ यांनी स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १८६६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. मग खाणकंपनीत नोकरी धरली, पण शिकण्याची ओढ सुटली नाही. ते उप्साला विद्यापीठात गेले आणि १८७२ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. यंत्र आणि रसायन या दोन्हींत सारखाच हात चालणारा माणूस त्या काळीही विरळाच होता. पुढे क्लोस्टर येथील लोखंडाच्या कारखान्यात काम करत असताना १८७७ च्या सुमारास त्यांच्या वाचनात एका जर्मन यंत्राची हकिकत आली. विल्हेल्म लेफेल्ट यांनी दूध फिरवून साय वेगळी करण्याचे यंत्र केले होते. पण ते थांबत थांबत चाले. दूध भरा, फिरवा, थांबवा, साय काढा, पुन्हा भरा.

ही कटकट किती मोठी होती हे समजण्यासाठी त्या काळची दुग्धशाळा डोळ्यांपुढे आणावी लागेल. दूध पसरट भांड्यांत ओतून तासन् तास, कधी दिवसभराहूनही अधिक ठेवत. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो हळूहळू वर येई आणि मग हाताने काढला जाई. तोपर्यंत उन्हाळ्यात खालचे दूध आंबून जाई. जंतूंना वाढायला वेळही भरपूर मिळे. लाव्हाल यांनी १८७८ मध्ये सतत चालणारे यंत्र तयार केले. एका बाजूने दूध आत ओतत राहायचे. फिरत्या भांड्यात जड भाग कडेला आणि हलकी साय मध्याकडे जमे आणि दोन वेगळ्या तोंडांतून दोन धारा बाहेर पडत. सुरुवातीचे यंत्र ताशी सुमारे १३० लिटर दूध वेगळे करी. ऑस्कर लाम यांच्या भागीदारीत व्यवसाय सुरू झाला आणि १८८३ मध्ये ‘सेपरेटर’ ही कंपनी उभी राहिली. तिचेच नाव १९६३ मध्ये अल्फा लाव्हाल झाले. पुण्यात दापोडीला तिचा कारखाना आहे.

सायीच्या या यंत्राची एक शाखा थेट वैद्यकात शिरली. दुधात स्निग्धांश किती हे मोजण्यासाठी लाव्हाल यांनी दुधाचा थोडासा नमुना फिरवून पाहणारे ‘लॅक्टोक्रिट’ नावाचे उपकरण केले. उप्सालाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅग्नुस ब्लिक्स यांनी त्या नावाच्या धर्तीवर रक्तासाठी ‘हिमॅटोक्रिट’ हा शब्द घडवला. रक्त बारीक नळीत घालून फिरवायचे, तांबड्या पेशी तळाशी बसल्या की त्यांचा थर मोजायचा. आज रक्ताच्या अहवालात हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असे जे लिहिलेले असते, ते हेच. रक्तक्षय झाला की हा आकडा उतरतो. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागला की तो चढतो. पावसाळ्यात वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण दाखल झाले की डॉक्टर याच आकड्यावर नजर ठेवून सलाइनचे प्रमाण ठरवतात.

लाव्हाल यांना मात्र वेगळीच अडचण छळत होती. सायीचे यंत्र मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवायचे, आणि त्या काळची वाफेची इंजिने सावकाश धडधडणारी. पट्टे आणि चाके लावून वेग वाढवावा लागे. वाफेनेच एखादे चाक थेट वेगाने का फिरवू नये, असा विचार त्यांनी केला. १८८३ मध्ये त्यांनी वाफेच्या उलट्या धक्क्यावर फिरणारा छोटा टर्बाइन केला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी वाफेच्या नळीच्या तोंडाचा आकार बदलला. आधी निमुळती होत जाणारी आणि मग पुन्हा रुंदावणारी नळी. अशा नळीतून बाहेर पडताना वाफेचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षाही जास्त होतो. आज अवकाशात जाणाऱ्या रॉकेटच्या शेपटाशी घंटेच्या आकाराचे जे तोंड दिसते, ते या ‘लाव्हाल नॉझल’चेच रूप आहे.

एवढ्या वेगवान वाफेचा उपयोग व्हायचा तर तिच्या माऱ्यात बसलेली चकतीही तितक्याच वेगाने फिरली पाहिजे. लाव्हाल यांच्या लहान टर्बाइनची चकती मिनिटाला ३०,००० फेऱ्या घेई. म्हणजे सेकंदाला ५००. इथे थरथरीने डोके वर काढले.

कोणतीही चकती कितीही काळजीने बनवली तरी तिचा गुरुत्वमध्य अगदी नेमका मध्यावर कधीच येत नाही. समजा एक किलो वजनाच्या चकतीत तो मध्यापासून फक्त एक दशांश मिलिमीटर सरकला आहे. कागदाच्या जाडीएवढा हा फरक. पण मिनिटाला ३०,००० फेऱ्यांना ही चकती शाफ्टला सुमारे १०० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला ५०० वेळा गोल फिरत राहते. कोणते बेअरिंग हे सोसणार? साधा उपाय कोणालाही सुचेल तोच होता. शाफ्ट आणखी जाड करा, आणखी ताठ करा. पण शाफ्ट ताठ केला की तो सगळा मार बेअरिंगवर जाई.

त्यातच एक शास्त्रीय निर्वाळाही आडवा होता. प्रत्येक शाफ्टचा, त्यावरच्या वजनासकट, झोके घेण्याचा एक स्वाभाविक ताल असतो. झोपाळ्याला जसा असतो तसा. फिरण्याचा वेग त्या तालाशी जुळला की झोके वाढतच जातात, जसा झोपाळा नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांनी उंच जातो. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. स्कॉटलंडचे नामवंत अभियंते रँकिन यांनी १८६९ मध्ये असे मांडले होते की क्रांतिक वेगाच्या पलीकडे शाफ्ट स्थिर फिरूच शकत नाही. म्हणजे यंत्र कायम त्या वेगाच्या खालीच चालवायचे, आणि त्यासाठी शाफ्ट जाडच हवा. ३०,००० फेऱ्यांच्या टर्बाइनला ही अट पाळणे जवळजवळ अशक्य होते.

लाव्हाल यांनी १८८९ मध्ये उलटी वाट धरली. शाफ्ट जाड करण्याऐवजी त्यांनी तो मुद्दाम बारीक आणि लवचीक केला. त्यामुळे क्रांतिक वेग खूप खाली आला. यंत्र सुरू केले की तो वेग लवकर येई, शाफ्ट क्षणभर जोरात थरथरे. पण वेग भराभर वाढवत नेला की थरथर आपोआप शमे आणि चकती शांतपणे फिरू लागे. ज्या प्रदेशात शाफ्ट टिकणार नाही असे गणित सांगत होते, त्याच प्रदेशात तो गुळगुळीत चालत होता.

हे आज आपल्या घरात रोज घडते. कपडे धुण्याचे यंत्र पिळण्यासाठी फिरू लागले की सुरुवातीला धडधडते, कधी जागेवरून सरकतेही. वेग आणखी वाढला की तेच यंत्र निवांत होते. त्याचा ड्रम स्प्रिंगांवर सैल टांगलेला असतो, म्हणून धोक्याचा वेग सुरुवातीलाच येऊन जातो. साखर कारखान्यातील टोपलीही वरून रबराच्या आधाराने टांगलेली असते, ती थोडी हलू शकावी म्हणूनच.

असे का होते? क्रांतिक वेगाच्या खाली चकतीची जड बाजू झोक्याच्या बाहेरच्या अंगाला असते आणि शाफ्टला आणखी बाहेर ओढते. तो वेग ओलांडला की जड बाजू आतल्या अंगाला येते. चकती मग शाफ्टच्या मध्याभोवती फिरण्याचा हट्ट सोडते आणि स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. शाफ्ट तेवढा एक दशांश मिलिमीटर वाकून तिला जागा करून देतो. बेअरिंगवर येणारा जोर आता फक्त तेवढे वाकण्यापुरता उरतो. शाफ्ट ताठ असता तर ही मुभा चकतीला मिळालीच नसती.

लाव्हाल यांनी हे करून दाखवले, पण त्याची कारणमीमांसा इतरांना करावी लागली. जर्मनीत ऑगस्ट फॉपल यांनी १८९५ मध्ये तिचे गणित मांडले. ते फारसे कोणाच्या नजरेस पडले नाही. इंग्रजी भाषक जगात एच. एच. जेफकॉट यांचा निबंध १९१९ मध्ये आला तेव्हा कुठे शंका मिटली. म्हणून त्याच चित्राला कोणी जेफकॉट रोटरही म्हणते. प्रत्यक्ष यंत्र आणि त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण यांत तीस वर्षांचे अंतर पडले. तोवर लाव्हाल हयात नव्हते.

रँकिन अगदीच चुकले होते असेही नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे काही कॉम्प्रेसर क्रांतिक वेगाच्या वर चालवताना भयंकर थरथरू लागले, आणि चकत्या कितीही समतोल केल्या तरी फरक पडेना. न्यूकर्क आणि किंबॉल यांनी शोध घेतला, तेव्हा शाफ्टवर घट्ट बसवलेल्या भागांतील घर्षण हे त्याचे एक कारण निघाले. बेअरिंगमधील तेलाचा थरही शाफ्टला घुमवत नेऊ शकतो, हे पुढे दिसून आले. क्रांतिक वेगापलीकडचा प्रदेश मोकळा होता खरा, पण तिथे वेगळे खड्डे होते.

हे सगळे हिशेब हाताने करणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. लाव्हाल यांच्या चित्रात एक चकती होती. खऱ्या टर्बाइनमध्ये दहा-वीस असतात आणि शाफ्टची जाडी जागोजागी बदलते. १९४० च्या दशकात मिक्लेस्टाड आणि प्रोल यांनी शाफ्टचे तुकडे पाडून एका तुकड्यावरून पुढच्याकडे हिशेब नेण्याची रीत दिली. १९७० च्या दशकात संगणकावर चालणाऱ्या अधिक समर्थ पद्धती आल्या. आजचे सॉफ्टवेअर तेच काम क्षणात करते. प्रत्येक तुकड्याचे वजन, ताठपणा, बेअरिंगमधील तेल, फिरत्या चकत्यांचा भोवऱ्यासारखा परिणाम हे सारे धरून ते वेग आणि कंपने यांचा आलेख काढते. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे धोक्याचा वेग. यंत्राचा नेहमीचा वेग त्यापासून पुरेसा दूर आहे की नाही, हे खरेदीदार कारखाना यंत्र हाती घेण्याआधी कागदावर मागू शकतो.

अर्थात सॉफ्टवेअरला जे सांगावे तेवढेच त्याला कळते. बेअरिंग किती ताठ आहे, तेल किती गरम होईल, पाया किती भक्कम आहे, याचे अंदाज चुकले तर आलेख सुबक येतो आणि यंत्र तरीही थरथरते. रक्ताच्या अहवालासारखेच हे आहे. आकडा बरोबर असू शकतो, पण नमुना नीट घेतला होता का आणि रुग्ण समोर कसा दिसतो, हे पाहिल्यावाचून उपचार ठरत नाहीत. म्हणूनच संगणकाने होकार दिल्यावरही मोठे रोटर प्रत्यक्ष फिरवून तपासतात, आणि चालू यंत्राच्या बेअरिंगवर कंपने मोजणारे संवेदक कायम बसवलेले असतात.

लवचीक शाफ्टचे एक फळ मात्र थेट आपल्या तपासणीच्या कागदावर आले आहे. लाव्हाल ज्या उप्साला विद्यापीठात शिकले, तिथेच टी. स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात अल्ट्रासेंट्रिफ्यूज तयार केले. इतके वेगवान की त्यात प्रथिनांचे रेणूही खाली बसू लागले. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुढच्या दशकात अमेरिकेत जेसी बीम्स आणि एडवर्ड पिकल्स यांनी निर्वात पेटीत, बारीक लवचीक शाफ्टवर रोटर टांगून हा वेग अधिक सुरक्षित आणि सोपा केला. अशाच यंत्रांत जॉन गॉफमन यांनी १९५० च्या आसपास रक्तातील स्निग्ध कण घनतेनुसार वेगळे केले. कमी घनतेचे ते एलडीएल, जास्त घनतेचे ते एचडीएल. यांतले एलडीएल वाढले की हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता सर्वज्ञात आहे. आज प्रयोगशाळा हे कण रासायनिक पद्धतीने मोजतात, पण त्यांची नावे सेंट्रिफ्यूजने दिलेली आहेत.

लाव्हाल यांचे स्वतःचे आयुष्य मात्र क्रांतिक वेग ओलांडून कधी शांत झाले नाही. १८८६ मध्ये ते स्वीडनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, संसदेतही निवडून गेले. १८९३ मध्ये टर्बाइनची स्वतंत्र कंपनी निघाली आणि त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचा टर्बाइन मांडला गेला. दरम्यान त्यांचे मन पुढच्या गोष्टीत गेलेले असे. गायी दोहण्याचे यंत्र, विजेने धातू वितळवण्याची भट्टी, असे एकामागून एक प्रकल्प. त्यांच्या नावावर स्वीडनमध्ये ९२ पेटंट नोंदली गेली आणि त्यांनी ३७ कंपन्या स्थापन केल्या. सायीच्या यंत्राने मिळवलेला पैसा या प्रयोगांत जिरत गेला. दोहण्याचे त्यांच्या नावाचे यंत्र बाजारात यशस्वी झाले, तेही त्यांच्या मृत्यूनंतर. २ फेब्रुवारी १९१३ रोजी स्टॉकहोममध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी ते वारले, तेव्हा एवढ्या कंपन्यांच्या संस्थापकाकडे मागे ठेवण्यासारखी संपत्ती उरलेली नव्हती.

मागे उरली ती त्यांची रीत. तिचा वापर सुरक्षित होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जिथे वाकायला जागा हवी तिथे ती ठेवणे, आणि दुसरी म्हणजे असमतोल मुळातच कमी करणे. पहिली गोष्ट अभियंते सांभाळतात. दुसरी प्रत्येक प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या हातात असते. रक्ताची एक नळी ठेवली की समोरच्या खाचेत तितक्याच वजनाची दुसरी ठेवायची. नमुना एकच असेल तर समोर पाण्याने भरलेली नळी. झाकण लावल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही आणि पूर्ण थांबल्याशिवाय उघडायचे नाही. चालू यंत्राचा आवाज बदलला, टेबल थरथरू लागले, तर वेग कमी होण्याची वाट न पाहता लगेच बंद करायचे. घरी धुण्याचे यंत्र सतत आदळत असेल तर एकच जड चादर एका बाजूला गोळा झाली असण्याची शक्यता आधी तपासावी. थरथर ही यंत्राची तक्रार असते, आणि ती वेळेवर ऐकली तर बहुतेक वेळा काहीही मोडत नाही.